पालक-शाळा सहकार्य (मुंबई)

पालक-शाळा सहकार्य : मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी घर आणि शाळा यांनी वाटून घेण्याची आणि शाळेच्या कारभारात पालकांना स्थान देण्याची पद्धत. पालकसभा, पालक-शिक्षक संघ, शाळा व्यवस्थापन समिती, प्रगतिपुस्तकावरची सही आणि अलीकडे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप ही तिची नेहमीची रूपे. मुंबईत या सहकार्याचे घोडे आस्थेपेक्षा वेळेपाशी अडते. विरारहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्याला सकाळी अकराची पालकसभा म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा, आणि धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बाईला चार घरी खाडा. सभेला न आलेल्या पालकांवर ‘मुलाकडे लक्ष नाही’ असा शेरा मारला जातो, तेव्हा हा हिशेब कोणी मांडत नाही.

या शहरात आधुनिक शाळा आणि पालक यांची एक महत्त्वाची गाठ पडली ती शाळेत नव्हे, घराच्या दारात. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि १८४९ मध्ये तिच्या वतीने मुलींच्या शाळा सुरू झाल्या. दादाभाई नौरोजी व त्यांचे सहकारी त्यासाठी घरोघर फिरले. मुलीला शिकायला पाठवा आणि वर्गासाठी तुमचा व्हरांडा द्या, अशी त्यांची मागणी असे. काही घरांनी स्वागत केले, तर काही वडिलांनी त्यांना जिन्यावरून खाली लोटण्याची धमकी दिली. जगन्नाथ शंकरशेट यांनी आपल्या वाड्यातच मुलींच्या शाळेला जागा दिली. पालकांचे मन वळवल्याशिवाय वर्ग भरणारच नव्हता, त्यामुळे शिक्षकांना उंबऱ्यापर्यंत जाणे भाग होते. पुढे १९२० च्या कायद्याने शहरात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची वाट मोकळी झाली. शाळा हक्काच्या झाल्या, इमारती उभ्या राहिल्या, आणि उंबऱ्यापर्यंतची ही फेरी हळूहळू पालकांच्या वाट्याला आली.

मध्यमवर्गीय मराठी वस्त्यांत निराळे घडले. तिथे रहिवाशांनी स्वतःच शाळा काढल्या. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर पार्लेकरांनी त्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये सुरू केलेले पार्ले टिळक विद्यालय हे याचे ठळक उदाहरण. संस्थेचा कार्यकर्ता, देणगीदार आणि पालक ही एकाच आळीतली, कधी एकाच घरातली माणसे असत. अशा ठिकाणी ‘सहकार्य’ असा वेगळा शब्द लागत नव्हता. मुख्याध्यापक बाजारात भेटत, आणि मुलाचे प्रताप घरी पोचायला डायरीची गरज नसे. गिरणगावात मात्र बाप पाळीवर, आई घरकामात किंवा खानावळ चालवण्यात, अशी स्थिती असे. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक घरांत फीचाच प्रश्न उभा राहिला, तिथे सभेची काय कथा.

कायदा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत ५० टक्के स्त्रिया असाव्या लागतात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांनाही प्रमाणात जागा आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या निधीच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही समितीची मुख्य कामे. शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती सांगावी, हेही कलम २४ मध्ये शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत या समितीचे काम केवळ सल्ल्यापुरते उरले. कागदावर अध्यक्षपद पालकाकडे असते. प्रत्यक्षात इतिवृत्त सचिव या नात्याने मुख्याध्यापक लिहितात आणि अध्यक्षबाई सही करतात, हे दृश्य दुर्मीळ नाही.

खासगी शाळांतील पालकांचा मुख्य विषय फी. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हा २०१४ मध्ये अमलात आला. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक चिठ्ठी टाकून निवडले जातात. शाळेने फीवाढीचा प्रस्ताव पुढील वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. शाळेच्या मर्जीतले पालक समितीवर बसू नयेत, हा चिठ्ठीमागचा हेतू चांगला आहे. पण चिठ्ठीत नाव आलेल्या पालकाला ताळेबंद वाचता येतोच असे नाही, आणि आपले मूल याच शाळेत आहे हे तो विसरू शकत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने फीविरुद्ध दाद मागण्यासाठी किमान २५ टक्के पालक एकत्र येण्याची अट घातली. एकट्यादुकट्याची तक्रार त्यामुळे दाराबाहेरच राहते. याशिवाय शाळेच्या बसगाड्यांसाठीची परिवहन समिती (२०११ चे नियम) आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती (२०२२ चा शासननिर्णय) यांतही पालकांना स्थान आहे.

महापालिकेच्या शाळा : बृहन्मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिक्षण देते. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात. विद्यार्थ्यांना गणवेश, दप्तर, वह्या इत्यादी २७ वस्तू मोफत मिळतात. जूनमध्ये या वस्तू कधी येणार हे विचारायला जितके पालक शाळेत येतात तितके वर्षभरात दुसऱ्या कशासाठी येत नसावेत. शिक्षिका हे हसून सांगतात, पण त्यात एक बोध दडलेला आहे. अर्थ असा, की पालकांना यायला कारण लागते आणि ते कारण त्यांच्या उपयोगाचे असावे लागते.

पालकांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच वस्तीत नेण्याचे प्रयोग मुंबईत नव्वदच्या दशकापासून पुन्हा झाले. ‘प्रथम’ या संस्थेने महापालिका व युनिसेफ यांच्या साथीने झोपडपट्ट्यांत बालवाड्या काढल्या. देवळात, मंडळाच्या खोलीत किंवा शिकवणाऱ्या ताईच्याच घरी त्या भरत, आणि ताई त्याच गल्लीतली असे. ‘मुक्तांगण’ या शिक्षणक्षेत्रातील संस्थेने २००३ पासून वरळीतील ग्लोब मिल पॅसेज येथील महापालिका शाळेत काम सुरू केले व आसपासच्या वस्तीतील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन वर्गात शिक्षिका म्हणून उभे केले. मूल शाळेत काय शिकते हे मग नोटिशीतून कळवावे लागत नाही, नळावरच समजते. प्रस्तुत विषयात मुंबईने काही स्वतःचे दिले असेल, तर ते हे. अमेरिकेतील अभ्यासक जॉइस एपस्टाइन यांनी १९९५ मध्ये सहभागाचे सहा प्रकार मांडले : संगोपन, संवाद, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयप्रक्रिया आणि समाजाशी सहकार्य. वरील प्रयोग त्यांपैकी एकाच कप्प्यात बसवणे कठीण जाते.

राज्य शासनाच्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यांत (२०२२ पासून) पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले जातात आणि घरच्या भाजीपाल्यावर, कपड्यांच्या घड्यांवर मोजणी कशी करून घ्यावी हे त्यांना दाखवले जाते. लिहिता-वाचता न येणारी आईही हे करू शकते, म्हणून ही कल्पना महत्त्वाची. ‘घरी अभ्यास घ्या’ हा शाळांचा नेहमीचा सल्ला दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्ही आणि धाकट्या भावंडांमध्ये बसलेल्या घराला फारसा उपयोगी पडत नाही.

अडसर : पहिला अडसर भाषेचा. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर डायरीतली सूचना आईला वाचता येत नाही. ती जागा ट्यूशनच्या ताईने भरून काढली आहे. ती शेजारच्या चाळीत राहते, संध्याकाळी सातनंतर भेटते आणि मराठीत बोलते. मुलाच्या प्रगतीबद्दल अनेक घरांचे खरे बोलणे तिच्याशी होते, वर्गशिक्षिकेशी नाही. पालक-शाळा संबंधांच्या चर्चेत या तिसऱ्या माणसाची दखल क्वचितच घेतली जाते.

दुसरा अडसर जुन्या सवयीचा. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ हे वाक्य मराठी शाळेत शिक्षा म्हणूनच उच्चारले जाते. ‘बाईंनी बोलावलंय’ म्हटले की घरात आधी मुलाच्या पाठीत धपाटा बसतो, कारण नंतर विचारले जाते. मुलाचे काही चांगले झाले म्हणून पालकांना बोलावण्याची पद्धत काही शाळांनी पाडली आहे, पण तिथेही पहिल्या खेपेस पालक घाबरतच येतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर आला. तो मोबाइल वडिलांबरोबर कामावर जात असल्याने गृहपाठ रात्री नऊनंतर होई. त्या काळात पालकांनी वर्ग प्रथमच आतून ऐकला, आणि शिक्षकांनी घरही. शाळा उघडल्यावर व्हॉट्सॲप ग्रुप तेवढे मागे राहिले. त्यांवर सूचना पडतात, वाचता न येणारी आई ती मुलाकडूनच वाचून घेते, आणि सूचना त्याच्याच खोड्यांबद्दल असेल तर वाचनात मजकूर सोयीने गाळला जातो. हे लक्षात आलेल्या शिक्षिका आता टाइप करत नाहीत. त्या व्हॉइस मेसेज पाठवतात, तोही रात्री, आई कामावरून परतल्यावर.