सरकारी वकील आणि विधी सेवेचा मोफत वकील

घरातल्या माणसाला अटक झाली आणि खासगी वकिलाची फी परवडणारी नसली, की ‘सरकारी वकील मिळेलच’ असा धीर नातेवाईक एकमेकांना देतात आणि न्यायालयात सरकारी वकिलांनाच गाठून ‘साहेब, आमची केस बघा’ अशी विनवणी करतात. ही गल्लत आरोपीच्या मुळावर येऊ शकते, कारण खटल्यात ते वकील समोरच्या बाजूला उभे असतात.

सरकारी वकील राज्याच्या वतीने खटला चालवतात. दंडाधिकाऱ्यांपुढे हेच काम सहायक सरकारी अभियोक्ता करतात. जामीन अर्जावर न्यायालय त्यांचे म्हणणे मागवते आणि ते बहुधा विरोधाचे असते. ते पोलिसांचे वकील नव्हेत, सत्य न्यायालयापुढे ठेवणे हे त्यांचे कर्तव्य आहे, हे खरे. तरीही वकील आणि पक्षकार यांच्यातील बोलण्याला कायदा जी गोपनीयता देतो, ती आरोपीने त्यांना सांगितलेल्या गोष्टीला मिळत नाही.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाचे मानधन सार्वजनिक निधीतून येते, पण त्याचा पक्षकार आरोपीच असतो आणि ही गोपनीयता येथे पूर्णपणे लागू होते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच या हक्काची पूर्ण जाणीव करून देणे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. पोलीस कोठडी द्यायची की नाही, हा प्रश्न पहिल्या रिमांडलाच, म्हणजे कोठडीबाबतच्या पहिल्या सुनावणीलाच, उभा राहतो. म्हणून त्या वेळी आरोपीच्या बाजूने बोलणारे कोणी नसणे मला सर्वांत घातक वाटते. मोफत वकील कामचुकारच असणार, या समजापायी ती वेळ दवडू नये.

वकील नेमण्याची विनंती आरोपी थेट दंडाधिकाऱ्यांकडे करू शकतो. नातेवाइकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, अथवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. पुढे पैशांची सोय झाल्यास आपल्या पसंतीच्या खासगी वकिलाचे वकीलपत्र दाखल करता येते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेला तो हक्क मोफत मदत घेतल्याने संपत नाही.