थिबा राजवाडा : सहा वर्षांचा संसार

रत्नागिरीत राजवाडा बघायला आलेल्या बहुतेकांची समजूत असते, की थिबा राजा तीस वर्षं याच वास्तूत कैदेत होता. प्रत्यक्षात तो इथे जेमतेम सहा वर्षं राहिला.

नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाला मद्रासमार्गे एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. गाव सोयीचं होतं: रेल्वे नाही, येणंजाणं बोटीनं, आणि पावसाळ्यात तेही बंद. पहिली चोवीस वर्षं कुटुंब इथल्या बंगल्यांमध्ये राहिलं. धाकटी राजकन्या तर रत्नागिरीतच जन्मली.

राजवाडा पुरा झाला १९१०मध्ये. जांभ्या दगडाचं तांबडं तीनमजली बांधकाम, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांत रंगीत काचा. वरून भाट्याची खाडी दिसते. धाकटी राणी सुपयागले १९१२मध्ये वारली, राजा डिसेंबर १९१६मध्ये. थोरली राणी सुपयालत हट्टाला पेटली, की दफन होईल ते ब्रह्मदेशातच. दोन्ही शवपेट्या आवारातच राहिल्या. शेवटी १९१९मध्ये इंग्रजांनी रत्नागिरीतच दोघांचं दफन केलं आणि कुटुंबाला मायदेशी जाऊ दिलं.

पुढे वाड्यानं सरकारी वापरही सोसला. काही काळ इथे तंत्रनिकेतन भरत असे. आता तो डागडुजी होऊन पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आत संग्रहालय आहे. पण रिकाम्या दालनांपेक्षा मला थोरल्या राजकन्येची हकीकत जास्त बोलकी वाटते. राजाकडचा दरवान गोपाळ सावंत हा आधीच लग्न झालेला. त्याच्यापासून तिला मुलगी झाली, टूटू. ब्रह्मदेशात गेलेली राजकन्या रत्नागिरीला परत आली आणि १९४७मध्ये इथेच वारली. टूटू मराठी बोलत मोठी झाली आणि पुढे शेणी थापून विकत राहिली. राजाची नात म्हणून तिच्या वाट्याला काही आलं नाही.

मायदेशाला मात्र राजाची आठवण उशिरा झाली. २०१२मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन कबरीपुढे नतमस्तक झाले. २०१६मध्ये, शंभराव्या स्मृतिदिनाला, वंशजही आले. बहादूरशाह जफर रंगूनला, थिबा रत्नागिरीला; इंग्रजांच्या या अदलाबदलीतले दोन्ही राजे अजून परक्या मातीतच आहेत.