रोजचे अंडे: खावे का, कोणते घ्यावे आणि घरी कसे ठेवावे

आमच्या दुकानात येणारे बहुतेक ग्राहक वर्षानुवर्षे अंडी खात आले आहेत, त्यामुळे अंड्याची ओळख करून देण्याचा या पत्रकाचा हेतू नाही. तरीही काउंटरवर तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात: रोज अंडे खाल्लेले चालते का, गावरान घ्यावे की पोल्ट्रीचे, आणि मागच्या आठवड्यात नेलेल्या ट्रेमधली अंडी खराब का निघाली. सकाळच्या गर्दीत यांची नीट उत्तरे देणे शक्य होत नाही आणि अर्धवट उत्तराने गैरसमज वाढतात, म्हणून ती येथे लिहून देत आहोत. तिसऱ्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण मार्च ते जून या काळात आमच्याकडे परत येणाऱ्या अंड्यांपैकी बरीचशी एकाच चुकीमुळे बिघडलेली असतात आणि ती चूक घरी होते.

रोज खावे का

प्रकृती चांगली असलेल्या प्रौढ माणसाने दिवसाला एक पूर्ण अंडे खाण्यास हरकत नाही. सुमारे ५० ग्रॅमच्या अंड्यातून ६ ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने आणि ७० ते ७५ कॅलरी मिळतात. भीती असते ती कोलेस्टेरॉलची. एका अंड्यात ते साधारण १९० मिलिग्रॅम असते आणि सगळे बलकात असते, हे खरे आहे. मात्र शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करते, आणि बहुतेक लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल अंड्यापेक्षा तूप, लोणी, डालडा आणि तळणीतून येणाऱ्या स्निग्ध पदार्थांनी अधिक वाढते. याच कारणाने अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ साली वगळण्यात आली, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१९ साली निरोगी व्यक्तींसाठी रोज एक अंडे योग्य मानले. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस माणशी वर्षाला १८० अंड्यांची आहे, तर २०२३-२४ मध्ये देशातील उपलब्धता माणशी १०३ होती. म्हणजे आपल्या देशाची अडचण अंडी जास्त खाल्ली जाण्याची नाही.

ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे, ज्यांचे एलडीएल (रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल) वाढलेले आहे किंवा ज्यांच्या घराण्यात कोलेस्टेरॉलचा त्रास आहे, त्यांनी रोजचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मधुमेही व्यक्तींबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत, आणि अंडी विकणाऱ्याने या बाबतीत सल्ला देणे आम्हाला योग्य वाटत नाही.

तालमीत किंवा जिममध्ये जाणारी तरुण मुले बलक टाकून केवळ पांढरे खातात, याचे मात्र आम्हाला मनापासून वाईट वाटते. अंड्यातील प्रथिनांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक बलकात असतात, आणि जीवनसत्त्व अ, ड, बी-१२ आणि कोलीन यांचा साठाही मुख्यतः तेथेच असतो. प्रथिने वाढवायची असतील तर एका पूर्ण अंड्याला दोन-तीन पांढऱ्यांची जोड द्यावी. दुधात कच्चे अंडे फोडून पिण्याची जुनी सवय तर सोडूनच द्यावी. कच्च्या अंड्यातील प्रथिनांपैकी जवळपास निम्मीच अंगी लागतात, शिजवलेल्यातील मात्र नव्वद टक्के लागतात. शिवाय कच्च्या पांढऱ्यातील अॅव्हिडिन हा घटक बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू देत नाही आणि साल्मोनेला या जंतूचा धोका असतो, तो वेगळाच.

एप्रिल उजाडताच "अंडे उष्ण पडते" म्हणून अनेक घरांत अंडी बंद होतात. अंड्याने शरीरात काही वेगळी उष्णता वाढते, याला पोषणशास्त्रात आधार नाही. उन्हाळ्यात जपायचे असते ते साठवणीला, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कोणते घ्यावे

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. पांढरे आणि तपकिरी अंडे यांत पोषणाचा म्हणावा असा फरक नाही. खरे गावरान अंडे आकाराने लहान, साधारण ३५ ते ४५ ग्रॅमचे असते, त्यामुळे जास्त किंमत देऊनही एका अंड्यातून प्रथिने थोडी कमीच मिळतात. त्याची चव अनेकांना आवडते आणि त्यासाठी ते जरूर घ्यावे. परंतु घरात चार मुले आहेत आणि रोज अंडे द्यायचे आहे, तर पोल्ट्रीच्या ताज्या पांढऱ्या अंड्यात काहीही कमी नाही, असे आम्ही गावरान अंडी विकत असूनही सांगतो. बाजारात पोल्ट्रीची तपकिरी अंडी गावरान म्हणून दिली जातात, आणि लहान पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवण्याचे प्रकारही घडतात. आमच्याकडे तपकिरी आणि गावरान यांचे ट्रे वेगळे असतात आणि त्यांवर तसे स्पष्ट लिहिलेले असते.

बलक फिका निघाला म्हणून अंडे शिळे किंवा नकली ठरवू नये. बलकाचा रंग खाद्यातून येतो: मका, हिरवा चारा किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिळाला तर तो गडद होतो, आणि ज्वारी जास्त मिळाली तर फिका राहतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः मंगळवेढ्याकडे, परसातल्या कोंबड्यांपुढे ज्वारीच टाकली जाते, तेव्हा अस्सल गावरान अंड्याचा बलकही काही महिने पिवळसर पांढरा निघू शकतो. बाजारात प्लास्टिकची नकली अंडी येतात, ही गोष्ट तर अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच निराधार ठरवली आहे.

संकष्टी-एकादशी पाळणाऱ्या काही ग्राहकांचा प्रश्न असतो की अंड्यात जीव असतो का. पोल्ट्रीत लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे ती अंडी फलित नसतात आणि त्यांतून पिल्लू होऊच शकत नाही. खावे की न खावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे.

अंडी धुऊन ठेवू नयेत

आता मुख्य मुद्दा. अनेक ग्राहक घरी गेल्याबरोबर संपूर्ण ट्रे नळाखाली धरतात, अंडी चोळून स्वच्छ करतात, ओली असतानाच टोपलीत किंवा फ्रिजमध्ये ठेवतात, आणि आठ दिवसांनी वास येतो म्हणून परत आणतात. यामागचा हेतू स्वच्छतेचा असतो, पण परिणाम उलटा होतो. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, आणि अंडे घालताना कोंबडी त्यांवर एक पातळ नैसर्गिक थर चढवते. तो वाळला की छिद्रे झाकली जातात. धुतल्याने हा थर निघून जातो. त्यातही पाणी अंड्यापेक्षा थंड असेल, तर आतील द्रव आकसतो आणि कवचावरील मळासकट पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणजे जो मळ बाहेर होता, तो आपणच आत घालतो.

आम्ही अंडी धुऊन का देत नाही आणि क्वचित एखाद्या अंड्याला विष्ठेचा डाग किंवा पीस का चिकटलेले असते, याचे उत्तरही हेच आहे. ही आमची टाळाटाळ नव्हे. युरोपातही विक्रीची उत्तम प्रतीची अंडी सर्वसाधारणपणे न धुताच दिली जातात. अमेरिकेत धुतात, पण त्यानंतर ती ग्राहकाच्या हाती येईपर्यंत सतत थंड ठेवावी लागतात, आणि तशी सोय आपल्याकडे नाही. आम्ही जास्त मळलेली आणि तडकलेली अंडी आधीच बाजूला काढतो आणि उरलेली दिव्यासमोर धरून तपासतो. डाग दिसलाच तर कोरड्या फडक्याने पुसावा, आणि धुवायचेच असेल तर ते अंडे उकडण्याच्या किंवा फोडण्याच्या अगदी आधी धुवावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात त्याहूनही अधिक जाणवतो, तेव्हा अंडी फ्रिजमध्येच ठेवावीत. दारातल्या कप्प्यापेक्षा आतला कप्पा बरा, कारण दार सारखे उघडते. न धुतलेले अंडे तेथे तीन आठवडे सहज टिकते. बाहेर ठेवले तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांपलीकडे भरवसा धरू नये. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी बाहेर काढून ठेवू नयेत, कारण त्यांवर दव धरते आणि धुतल्यासारखाच ओलावा राहतो. ज्यांच्याकडे फ्रिज नाही, त्यांनी ट्रे घेण्याऐवजी दोन दिवसांपुरतीच अंडी न्यावीत. सहा अंडी घेणाऱ्यालाही आम्ही ट्रेच्याच हिशेबाने दर लावतो, तो याचसाठी.

गावरान अंड्यांना याहून अधिक जपावे लागते. कोंबडी अंडी उबवते ते साधारण ३७ ते ३८ अंशांवर, आणि मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघराचे तापमान तेवढे सहज होते. परसातल्या कोंबड्यांत कोंबडा असल्याने ही अंडी फलित असू शकतात, आणि बाहेर राहिल्यास दोन-तीन दिवसांत बलकावर रक्ताच्या बारीक रेषा दिसू लागतात. असे अंडे आम्ही जुने दिले, असा समज होतो. प्रत्यक्षात ते उबेत राहिलेले असते. बलकावर रक्ताचा एखादाच ठिपका असेल, तर तो काढून अंडे खाता येते.

शंका आल्यास अंडे पाण्याच्या भांड्यात सोडून पाहावे. तळाशी आडवे पडले तर ताजे, तळाला टेकून उभे राहिले तर लवकर वापरण्याजोगे, आणि तरंगले तर टाकून द्यावे. उकडलेले अंडे सोलताना कवचाला चिकटते ही तक्रारही वारंवार येते, पण ते अंडे अतिशय ताजे असल्याचे लक्षण आहे. उकडण्यासाठी आमच्याकडील चार-पाच दिवसांची अंडी मागावीत, ती निराळी काढून देऊ.

ट्रेवर आम्ही माल आल्याची तारीख लिहितो. त्या तारखेपासून पाच दिवसांत न धुतलेले अंडे खराब निघाल्यास ते ट्रेच्या चिठ्ठीसह आणावे, दुसरे लगेच दिले जाईल. धुतलेली अंडी बदलून देता येत नाहीत, कारण बिघाड आमच्याकडचा की घरचा, हे नंतर ओळखता येत नाही. श्रावणात मागणी उतरत असल्याने आम्ही मुद्दाम कमी माल आणतो, तेव्हा त्या महिन्यात पूर्ण ट्रे हवा असल्यास एक दिवस आधी सांगून ठेवावे.