थॅनोस जिंकला म्हणून सिनेमा अर्धवट राहत नाही

मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी आली की आमच्या कुडाळच्या घरी रात्री जेवणं आटोपल्यावर ओटीवर टीव्ही ओढला जातो आणि एखादा सुपरहिरोंचा सिनेमा लागतो. 'अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर' लागला की खलनायक थॅनोस जिंकतो आणि शेवटी मामांचं वाक्य ठरलेलं: "बाबू, पिक्चर अर्धोच सोडल्यानी रे!" मावसभाऊही माना डोलावतात. २०१८ पासून मी हे ऐकतोय. सिनेमा पाठ असलेली माणसंही हेच म्हणतात, म्हणून एकदा नीट मांडतो. हरण्याचा शेवट वेगळा आणि टांगता शेवट वेगळा.

त्याआधी एक किरकोळ घोळ निपटून टाकू. सिनेमा संपल्यावर पडद्यावर सरकणाऱ्या नावांच्या मध्येच येतो तो मिड-क्रेडिट सीन, सगळी नावं सरल्यावर येतो तो पोस्ट-क्रेडिट. यातला कुठलाही सीन म्हणजे सिनेमाचा शेवट नव्हे. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये सगळे मुकाट्याने शवर्मा खात बसतात, त्याला शेवट म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. 'इन्फिनिटी वॉर'च्या पुढच्या 'एंडगेम'ला तर असा सीनच नाही, फक्त लोखंडावर पडणाऱ्या हातोड्याचा आवाज आहे. पण तो ऐकायला मिळायला हवा. एका थिएटरात नावं सुरू होताच दिवे लावून दारं उघडली होती, त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

आता मुद्द्यावर येतो. अभिमन्यूची गोष्ट घ्या. पोर चक्रव्यूहात शिरतं, बाहेर पडायचं त्याला ठाऊक नसतं, महारथी मिळून त्याला मारतात. गोष्ट तिथे संपते. आमच्याकडे कुणी आजीला "गोष्ट अर्धी सांगितलीस" असं म्हटलेलं मला आठवत नाही. त्याच संध्याकाळी अर्जुनाची प्रतिज्ञा, दुसऱ्या दिवशी झाकला गेलेला सूर्य, 'हा सूर्य आणि हा जयद्रथ', हे सगळं पुढे येतंच. पण ती दुसरी गोष्ट. तिचा प्रश्न वेगळा, तिचा नायक वेगळा. अभिमन्यू आत जाईल का आणि गेल्यावर त्याचं काय होईल, याचं उत्तर आपल्याला मिळालेलं असतं. ते आवडलं नाही म्हणून ते उत्तर नाही असं होत नाही.

'इन्फिनिटी वॉर' नेमका असाच बांधलेला आहे. पहिल्याच प्रसंगात एक मणी थॅनोसच्या हातमोज्यात बसलेला आहे आणि प्रश्न समोर ठेवला जातो: सहाही मणी मिळाले की एका चुटकीत निम्मं विश्व संपवता येतं, तर हा ते मिळवेल का, आणि त्यासाठी काय देईल? मग एकेक मणी येतो. आत्म्याच्या मण्यासाठी तो गमोराला, ज्या मुलीवर त्याचा जीव आहे तिला, कड्यावरून लोटतो. शेवटी चुटकी वाजते आणि निम्मं जग राख होतं, त्यात 'मला जायचं नाही' म्हणणारा कोवळा स्पायडर-मॅन पीटरही. त्यानंतर थॅनोस एका झोपडीबाहेर बसतो, सूर्य उगवताना पाहतो आणि किंचित हसतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. नावांनंतर पाटी येते, 'थॅनोस परत येईल'. मार्व्हलच्या सिनेमांत असं वाक्य नायकासाठी राखून ठेवलेलं असतं. ही गोष्ट कुणाची होती ते त्यांनी लपवलेलं नाही. आपण मात्र कॅप्टन अमेरिका आणि टोनी स्टार्क या हरणाऱ्या नायकांकडे बघत बसलो, म्हणून अर्धवट वाटलं.

गैरसमजाला मार्व्हलचाही हातभार आहे. २०१४ मध्ये हा सिनेमा 'भाग १' आणि 'भाग २' म्हणूनच जाहीर झाला होता. पुढे ती नावं काढली आणि ते योग्यच झालं, पण लोकांच्या डोक्यात 'भाग १' बसला तो बसलाच.

खरा टांगता शेवट बघायचा तर २०२३ चा 'स्पायडर-मॅन: अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' बघा. तो भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्याचा प्रश्न स्वच्छ आहे: त्यातला स्पायडर-मॅन, माईल्स, आपल्या वडिलांना वाचवेल का? आणि शेवटी माईल्स भलत्याच जगात बांधून ठेवलेला, समोर त्याचंच दुसरं रूप, वडिलांवरचं संकट जसंच्या तसं. पडदा काळा. दशावतारात राजा आणि राक्षस समोरासमोर यावेत, तलवारी उपसाव्यात, आणि हार्मोनियम बंद करून सांगावं की उरलेलं पुढच्या जत्रेला. पहाटे दहीहंडी फुटल्याशिवाय आमच्याकडे रात्र संपत नाही, त्यामुळे हे मला फार टोचलं. पुढचा भाग मार्च २०२४ ला यायचा होता, तोही लांबला.

तरीही त्या सिनेमावर अन्याय नको. तो माईल्सच्या मैत्रिणीपासून, ग्वेनपासून सुरू होतो आणि ग्वेनपाशीच संपतो. वडिलांपासून तुटलेली मुलगी परत घरी येते, आणि त्यांनी पोलिसातली नोकरी सोडली आहे हे तिला कळतं. तिची गोष्ट पुरी होते. म्हणून थिएटरातून बाहेर पडताना मी चिडलो होतो, पण रिकाम्या हाताने आलो नव्हतो. प्रश्न कुणाचा आणि उत्तर कुणाला मिळालं, एवढं पाहिलं की घोळ होत नाही. स्पायडर-मॅनच्या 'नो वे होम'मध्ये पीटरला सगळं जग विसरतं. जीव तुटतो, पण सिनेमा पूर्ण आहे. 'द डार्क नाइट'मध्ये बॅटमॅन दुसऱ्याचे खून स्वतःच्या माथी घेऊन पळतो. तोही पूर्ण.

माझं मत विचाराल तर 'इन्फिनिटी वॉर'चा शेवट 'एंडगेम'च्या शेवटापेक्षा सरस आहे. 'एंडगेम' १८१ मिनिटं चालतो आणि त्यात सगळ्यांचा निरोप घ्यायचा आहे, त्यामुळे तो पसरतो. म्हणून दोन्ही सलग लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सलग लावले की पहिला आपोआप 'भाग १' होतो. यंदा मी 'इन्फिनिटी वॉर' संपल्यावर टीव्ही बंद केला आणि दिवा मालवला. बराच वेळ ओटीवर कुणी बोललं नाही. मग अंधारातून मामांनी विचारलं, "त्या पोरग्याक 'माका जावचा नाय' म्हणताना आयकलंस मां?"