जब्बा आधी कागदावर अवतरला : सिनेमावरून कॉमिक करण्याची पार्श्वभूमी

आवडत्या सिनेमाची गोष्ट पाच-सहा चौकटींत काढून समाजमाध्यमांवर टाकणारे आता पुष्कळ आहेत. त्यांनी तो सिनेमा दहा वेळा पाहिलेला असतो आणि एखादा प्रसंग धूसर झालाच, तर फोनवर लावून हवा तिथे थांबवता येतो. ही सोय येण्याआधी काम नेमके उलट क्रमाने चाले. सिनेमा पूर्ण व्हायच्या आत चित्रकाराला पाने काढून द्यावी लागत.

डिस्ने स्टुडिओच्या 'स्नो व्हाइट' या ॲनिमेशनपटाचा पहिला खेळ 21 डिसेंबर 1937 रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानावर तिची चित्रमालिका 12 डिसेंबरलाच सुरू झाली होती. या मालिकेत राणी राजपुत्राला तळघरात कोंडते. सिनेमात हे नाही. आखणीत होते, पुढे गळाले. 1952 पासून त्या स्टुडिओच्या सिनेमांसाठी रविवारचे पान नियमित झाले आणि 1987 पर्यंत टिकले. आपल्याकडे सिनेमा घरी न्यायचा तो गाण्यांच्या पुस्तिकेतून. तिच्यात कथासार असायचे, पण ते ऐन मोक्यावर थांबायचे आणि पुढचे पडद्यावर पाहा म्हणून सांगायचे.

या उलट्या क्रमाचा खरा पेच 1977 मध्ये पडला. 'स्टार वॉर्स' हा अंतराळपट 25 मे रोजी अमेरिकेत लागला. त्याच्या सहा अंकी कॉमिकचा पहिला अंक काही आठवडे आधीच स्टॉलवर आला होता. चित्रकाराच्या हाती पटकथा होती, काही छायाचित्रे होती; पुरा सिनेमा नव्हता. त्यामुळे नायक ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांची टॅटूइन या ग्रहावरची भेट कॉमिकमध्ये सविस्तर आहे, पडद्यावर ती आलीच नाही. जब्बा या परग्रहावरच्या गुंडाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. त्याचा प्रसंग चित्रित झाला होता, पण संकलनात कापला गेला. जब्बा कसा दिसतो हे चित्रकाराला कोणी सांगितले नव्हते. त्याने दोन पायांवर चालणारा, गालमिशांचा, वॉलरससारख्या तोंडाचा सडपातळ प्राणी काढला. याच मालिकेतल्या 1983 च्या सिनेमात जब्बा अवतरला तो गोगलगायीसारखा अवाढव्य! पहिल्या सिनेमाच्या 1997 च्या नव्या आवृत्तीत कापलेला प्रसंग परत आला, तोही या अवाढव्य जब्बाला घेऊन. म्हणजे कॉमिकमधला प्रसंग खरा ठरला आणि पात्र खोटे.

तेव्हापासून हा 'चुकीचा जब्बा' चाहत्यांच्या थट्टेचा विषय आहे. मला ही थट्टा अन्यायाची वाटते. सगळा घोळ एका शब्दापाशी आहे. पटकथेवरून काढलेले कॉमिक आणि पाहिलेल्या सिनेमावरून काढलेले कॉमिक, दोन्हींना आपण सरसकट 'रूपांतर' म्हणतो. पहिल्यात चित्रकार दिग्दर्शकाच्याच कच्च्या मालावर काम करतो. दुसऱ्यात तो प्रेक्षक असतो आणि त्याने काय पाहिले हे सांगतो. त्याला पुनर्कथन म्हणावे. प्रेक्षकाला जे दिसले तेच कॉमिकमध्ये हवे, ही अपेक्षा पुनर्कथनाकडून रास्त आहे. 1977 च्या त्या पानांकडून ती करणे म्हणजे सिनेमाच न पाहिलेल्या माणसाची परीक्षा घेणे. उलट, गळालेला भाग वाचकाला त्या पानांत पाहायला मिळाला, हे त्यांचे मोल आहे.

1982 मध्ये 'स्टार वॉर्स'ची व्हिडिओ कॅसेट आली आणि सिनेमा घरी आणण्यासाठी कॉमिकची गरज उरली नाही. जपानमध्ये ॲनिमेशनपटांच्या फ्रेमच छापून त्यांवर संवादांचे फुगे लावलेली पुस्तकेही निघाली. त्यांत चूक व्हायला जागाच नाही, पण रेषाही नवी नाही. एका पानात अख्खा सिनेमा बसवणारे हौशी चित्रकार मला म्हणून अधिक जवळचे वाटतात. दोन तासांतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे त्यांना स्वतः ठरवावे लागते आणि त्यांची आवड तिथेच दिसते.

पटकथेवरून कॉमिक करण्याची जुनी वाटही बंद झालेली नाही. 1974 मध्ये लिहिलेल्या 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या खर्ड्यावरून 2013-14 मध्ये आठ अंक निघाले. त्यांत सिनेमातला माणूस असलेला नायक हान सोलो हिरव्या कातडीचा परग्रहवासी आहे.