१.३ डिझेलला ‘कुठलाही टर्बो चालतो’?

‘स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत १.३ लिटरचं डिझेल इंजिन एकच. जुन्या बाजारातला कुठलाही टर्बो बसतो,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा.) अर्धा भाग खरा आहे: मूळ इंजिन १२४८ सीसीचंच. पण त्याचे ७५ आणि ९० पीएस (ताकदीचं माप) असे प्रकार निघाले. ७५ला साधा टर्बो, ९०ला आतली पाती हलणारा. ती हलवायची जोडणी आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, प्रोग्रॅमिंगही निराळं. नुसते बोल्ट जुळून भागत नाही.

घ्यायच्या टर्बोवरच्या नंबरपट्टीची काजळी पुसून पार्ट नंबर वाचा, आपल्या टर्बोशी ताडून पाहा. आपलाही आधी कुणी बदललेला असू शकतो, म्हणून चॅसी नंबर सांगून पार्ट काउंटरवर विचारा. जुना इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) घेत असाल, तर त्यावरही बहुधा कोड असतो. तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. पट्टीच घासलेली असेल, तर मी तरी तो माल उचलणार नाही.