एसआयआरएनए: जनुक गप्प करणारा रेणू पेशीत शिरला कसा

१९९० साली रिच जॉर्गेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेटुनियाची जांभळी फुलं आणखी गडद करायची होती. रंगद्रव्य तयार करणाऱ्या जनुकाची जादा प्रत त्यांनी झाडात घातली, तर काही फुलं चक्क पांढरी उमलली. काहींवर जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी होती. नव्या प्रतीने स्वतःबरोबर मूळ जनुकाचंही तोंड बंद केलं होतं. ते कसं, याचा धागा १९९८ मध्ये हाती लागला. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर प्रयोग करून अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दाखवलं, की दुपदरी आरएनए पेशीत गेला की त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकाचा संदेश नेणारी प्रत, नाहीसा होतो. यासाठी दोघांना २००६ चं नोबेल मिळालं.

सस्तन प्राण्यांत मात्र लांब दुपदरी आरएनए दिसला की पेशीला विषाणू आल्यासारखं वाटतं आणि ती आपलंच कामकाज थांबवते. २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने २१ अक्षरांचे आखूड दुपदरी तुकडे, म्हणजेच एसआयआरएनए, वापरले आणि मानवी पेशींत ही अडचण टळली. पेशीतली प्रथिनं दोनपैकी एक पदर टाकून देतात, दुसरा धरून ठेवतात, त्याच्याशी जुळणारा संदेश कापतात आणि तोच पदर घेऊन पुढच्या संदेशाकडे वळतात. थोड्या रेणूंत मोठं काम होतं ते यामुळेच.

पण हे झालं प्रयोगशाळेतल्या पेशींत. गोळीतल्या नेहमीच्या औषधाचा रेणू साधारण ५०० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) असतो; एसआयआरएनए १३,००० च्या आसपास. रक्तातली विकरं काही मिनिटांत त्याचे तुकडे करतात आणि उरलंसुरलं मूत्रपिंडं गाळून टाकतात. त्यात त्याच्या अंगावर चाळीसेक ऋणभार. असा रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून आपसूक आत जाणं शक्यच नाही.

म्हणून सुरुवातीला तो थेट डोळ्यात टोचून पाहिला गेला. दृष्टिपटलाच्या विकारावरच्या बेवासिरानिब या एसआयआरएनए औषधाची चाचणी २००९ मध्ये थांबवावी लागली. त्याआधीच, २००८ मध्ये, उंदरांवरच्या संशोधनातून दिसलं होतं की डोळ्यातल्या उघड्या एसआयआरएनएचा परिणाम त्याच्या अक्षरक्रमावर अवलंबून नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या टीएलआर३ या ग्राहीमार्फत, म्हणजे बाहेरचा रेणू ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत, होतो. म्हणजे जनुक गप्प करण्यासाठी पेशीत शिरावं लागतं, तेच घडत नव्हतं. या सगळ्या इतिहासात मला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुसता परिणाम दिसणं पुरेसं नाही, संदेश ठरलेल्या जागी कापला गेल्याचा पुरावा हवा, हे त्याने ठळक केलं. अमेरिकेतल्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने २०१० मध्ये तसा पुरावा रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून मिळवला. दुर्दैवाने त्याच वर्षी रोश या औषध कंपनीने या क्षेत्रातून अंग काढून घेतलं.

मार्ग निघाला तो एसआयआरएनए पोटात घेऊन जाणाऱ्या मेदकणांतून. कॅनडात पीटर कलिस आणि त्यांचे सहकारी ज्या मेदरेणूंवर काम करत होते, ते रक्तात जवळपास उदासीन राहतात आणि आम्लात धनभारित होतात. असा कण रक्तात गेला की त्यावर एपोलिपोप्रोटीन ई हे रक्तातलं प्रथिन चिकटतं आणि यकृताची पेशी त्याला कोलेस्टेरॉल वाहणारा कण समजून आत ओढते. आत तो एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतो. पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते, मेदरेणूंवर धनभार येतो, ते पिशवीच्या ऋणभारित आवरणाला भिडतात आणि तिथे फट पडते. वेळेत सुटका झाली नाही तर लायसोसोम या पेशीच्या पाचक पिशवीत सगळंच पचून जातं. २०१३ मध्ये मोजणी झाली तेव्हा आत घेतलेल्या एसआयआरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्के बाहेर पडताना दिसलं. तेवढ्यावरही काम भागलं. १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेत पॅटिसिरान या मेदकणातल्या एसआयआरएनए औषधाला मान्यता मिळाली. आनुवंशिक अमायलॉइडोसिसवरचं (या आजारात बिघडलेलं प्रथिन अवयवांत साचतं) हे औषध दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात, आणि त्याआधी स्टेरॉइड द्यावं लागतं.

दुसरा मार्ग एका जुन्या निरीक्षणातून आला. गिल्बर्ट ॲशवेल आणि अनातोल मोरेल यांना १९६० च्या दशकात आढळलं होतं, की रक्तातल्या तांबं वाहणाऱ्या प्रथिनाच्या टोकाचं सियालिक आम्ल काढलं की ते झपाट्याने यकृतात जातं. उघडी पडलेली शर्करा ओळखणारे ग्राही यकृतपेशींवर लाखोंनी असतात. मग एसआयआरएनएलाच गॅलनॅक या शर्करेचे तीन रेणू जोडले. मेदकणाची गरज उरली नाही, त्वचेखाली सुई पुरते. तरी २०१६ मध्ये अशाच गॅलनॅक जोडलेल्या रेवुसिरान या औषधाची चाचणी मृत्यूंमुळे बंद करावी लागली. त्याचा डोस मोठा होता. पुढच्या रेणूंची रासायनिक बांधणी अधिक टिकाऊ झाली आणि डोस पुष्कळ खाली आला. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान (युरोपात मान्यता २०२०) पहिल्या दोन डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा टोचतात. इथे एंडोसोमची कैदच कामी येते, असं मानलं जातं: टिकाऊ रेणू तिथे साठून राहतात आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे पाझरतात.

हे सगळं यकृतापुरतं. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रं असतात, आणि असे ग्राही इतर पेशींवर इतक्या संख्येने मिळत नाहीत. मेंदूसाठी १६ कार्बनची मेदसाखळी जोडलेला एसआयआरएनए मणक्यातल्या द्रवात सोडून पाहिला जातोय. स्नायूंसाठी तो प्रतिपिंडाला बांधला जातोय. दोन्हीकडे दार वेगळं आहे, पण आत गेल्यावर एंडोसोम तोच.